मिरचीच्या वाणसुधारणेत जनुकीय चिन्हकांचे कार्य आणि मर्यादा

प्रस्तावना

मिरची हे मूळचे भारतीय पीक नव्हे, ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका या प्रदेशांत हजारो वर्षे लागवडीखाली असलेली ही वनस्पती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. काळी मिरी आणि पिंपळी यांवर तिखटाची भूक भागविणाऱ्या या देशाने ती इतक्या झपाट्याने आपलीशी केली की, अवघ्या काही शतकांत प्रत्येक प्रदेशाची स्वतःची मिरची तयार झाली. लांब, सुरकुतलेली, गडद लाल आणि सौम्य तिखट ब्याडगी, मसाल्यासाठी मान पावलेली संकेश्वरी, बारीक पण जहाल लवंगी, विदर्भातील भिवापुरी, काणकोणातील खोला, आंध्रातील गुंटूर सन्नम, ईशान्येकडील भूत जोलोकिया. यांपैकी बहुतेक कोणत्याही संशोधन केंद्रात जन्मलेल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी, विशेषतः शेतकरी स्त्रियांनी, चांगली फळे निवडून बी राखल्यामुळे त्या घडल्या.

परंतु या वाणांची ओळख ज्या गुणसमुच्चयावर आधारलेली आहे, त्यात रोगप्रतिकारकता बहुधा नसते. चुरडा-मुरडा, फळकुज, मूळकुज आणि मोझॅक यांच्या तडाख्यात सापडलेला शेतकरी संकरित वाणांकडे वळतो, आणि बाजारातील मागणी कायम असूनही स्थानिक वाणाचे क्षेत्र आक्रसत जाते. प्रतिकारकता निसर्गात उपलब्ध नाही असे नव्हे. ती असते, मात्र ती बहुतेक वेळा एखाद्या बारीक फळांच्या परदेशी वाणात किंवा रानटी प्रजातीत असते. त्या झाडाशी ब्याडगीचा संकर केला तर प्रतिकारकता येते, पण तिच्याबरोबर नको असलेले पन्नास गुणही येतात. हवे तेवढेच घ्यावे आणि बाकीचे परत करावे, हा पैदासकाराचा जुना प्रश्न आहे. जनुकीय चिन्हकांनी या प्रश्नाचे उत्तर कितपत सुकर केले आणि कोठे ते अपुरे पडते, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

चिन्हकाची संकल्पना

पारंपरिक पैदास ही डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांवर चालते. फळ लागल्यावर रंग कळतो, चाखल्यावर तिखटपणा कळतो आणि रोग आल्यावरच प्रतिकारकता कळते. एखाद्या हंगामात रोग आलाच नाही, तर निरोगी दिसणारे झाड खरोखर प्रतिकारक आहे की केवळ सुदैवी, हे ठरविता येत नाही.

जनुकीय चिन्हक म्हणजे गुणसूत्रावरील एखाद्या निश्चित जागी असलेला असा डीएनएचा फरक, की जो दोन वाणांमध्ये वेगळा असतो आणि प्रयोगशाळेत सहज ओळखता येतो. हा फरक स्वतः काही करीत असेलच असे नाही. त्याचे महत्त्व त्याच्या जागेमुळे आहे. शेताच्या बांधावरील हद्दीचा दगड पीक देत नाही. पण तो सापडला की कोणाची जमीन कोठे सुरू होते ते कळते. त्याचप्रमाणे प्रतिकारक जनुकाच्या शेजारी असलेले चिन्हक रोपात आढळले, तर जनुकही तेथे असण्याची शक्यता मोठी असते. त्यासाठी कोवळ्या पानाचा छोटासा तुकडा पुरेसा होतो. फळ लागण्याची किंवा रोग येण्याची वाट पाहावी लागत नाही.

मिरचीच्या बाबतीत या कामाचा पाया १९८० च्या दशकात घातला गेला. मिरची, टोमॅटो, बटाटा आणि वांगे ही एकाच कुळातील पिके असून त्यांची गुणसूत्रांची मूळ संख्या १२ आहे. स्टीव्हन टँक्सली आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये टोमॅटोच्या डीएनए तुकड्यांच्या साहाय्याने मिरचीचा सहलग्नता-नकाशा मांडला आणि दोन्ही पिकांतील जनुके बहुतांशी तीच असली, तरी त्यांचा क्रम मात्र बराच बदललेला आहे, असे दाखविले. त्या काळची पद्धत वेळखाऊ होती. पुढे पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेमुळे अत्यल्प डीएनएवर काम करणे शक्य झाले आणि आरएपीडी, एएफएलपी, एसएसआर असे चिन्हकांचे प्रकार एकामागून एक आले. आज एकाच अक्षराच्या फरकावर आधारित एसएनपी चिन्हके सर्वाधिक वापरली जातात. या प्रकारांचा तपशील पाठ्यपुस्तकांत विपुल आहे. येथे एवढेच लक्षात घेणे पुरेसे की, सहप्रभावी चिन्हक, म्हणजे एका जनुकाच्या दोन्ही प्रती वेगवेगळ्या दाखविणारे चिन्हक, पैदासकाराला सर्वाधिक उपयोगी पडते.

शेजारी असणे म्हणजे तेच असणे नव्हे, हे मात्र विसरून चालत नाही. युग्मके तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या आपापसांत तुकडे बदलतात. चिन्हक आणि जनुक यांत ५ सेंटिमॉर्गनचे अंतर असेल, तर दर पिढीत सुमारे ५ टक्के युग्मकांत ही जोडी फुटते. केवळ त्या एका चिन्हकावर विसंबून सलग ५ पिढ्या निवड केली, तर अखेरीस जनुक हाती असण्याची शक्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ७७ टक्के उरते. चारपैकी जवळजवळ एका वेळी पैदासकाराच्या हाती दगड राहतो आणि जमीन निसटलेली असते. जनुकाच्या दोन्ही बाजूंना ५-५ सेंटिमॉर्गनवर एकेक चिन्हक घेतले, तर हीच चूक एका पिढीत हजारात सुमारे ३ इतकी खाली येते. आणि खुद्द जनुकातील निर्णायक फरकच चिन्हक म्हणून वापरता आला, तर ती जवळपास नाहीशी होते.

तिखटपणाचे जनुक

असे निर्णायक चिन्हक मिरचीत प्रथम ज्या ठळक गुणासाठी मिळाले, तो तिखटपणा होय. तिखटपणा बियांत असतो हा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः कॅप्सायसिन तयार होते ते बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत. बियांना ते केवळ लागलेले असते. ढोबळी मिरचीत ते तयारच होत नाही आणि हा अभाव एका अप्रभावी जनुकामुळे येतो, हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक होते. २००५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी दुसऱ्या गुणसूत्रावरील हे जनुक निश्चित केले. 'पन-१' या नावाने ओळखले जाणारे हे जनुक एका ॲसिलट्रान्सफरेज विकराचा आराखडा बाळगते. ढोबळी मिरचीत त्याचा आरंभीचा सुमारे अडीच हजार अक्षरांचा भाग गळून गेलेला आढळला. एवढा मोठा तुकडा गळालेला असल्यामुळे साध्या जेलवरही तिखट आणि गोड प्रतींचे पट्टे वेगळे दिसतात. तिखट वाणातील प्रतिकारकता ढोबळी मिरचीत आणताना नको असलेला तिखटपणा रोपवाटिकेतच बाजूला काढता येतो, ही त्याची व्यावहारिक किंमत.

परंतु 'पन-१' हे जनुक तिखटपणा आहे की नाही एवढेच सांगते. किती आहे, हे सांगत नाही. ब्याडगी आणि लवंगी या दोन्ही तिखटच; दोहोंत ते जनुक कार्यक्षम आहे. त्यांच्यातील तफावत अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांतून आणि हवामान, पाणी, फळाची पक्वता यांतून ठरते. हो-नाही स्वरूपाच्या गुणांत चिन्हक तरबेज आणि कमी-जास्त स्वरूपाच्या गुणांत अडखळणारे, हा भेद पुढेही वारंवार आढळतो.

अप्रभावी प्रतिकारकता : चिन्हकाचे खरे क्षेत्र

चिन्हकांचा सर्वाधिक लाभ कोठे होतो, असे विचारल्यास अप्रभावी प्रतिकारक जनुकांकडे बोट दाखवावे लागेल. मावा किडीमार्फत पसरणाऱ्या पोटीव्हायरस गटातील विषाणूंना रोखणारे 'पीव्हीआर-१' (त्याच जागेला 'पीव्हीआर-२' असेही नाव आहे) हे जनुक त्याचे उत्तम उदाहरण होय. विषाणूला स्वतःची प्रथिने बनविण्यासाठी वनस्पतीच्या पेशीतील यंत्रणा उसनी घ्यावी लागते. तिच्यातील 'ईआयएफ-४ई' या घटकाला तो बिलगतो. फ्रान्समधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले की, मिरचीतील ही प्रतिकारकता म्हणजे याच घटकात झालेला किंचित बदल आहे. बदललेल्या घटकाला विषाणू बिलगू शकत नाही. झाडाने विषाणूशी लढण्याचा येथे प्रश्नच नाही. विषाणूच्या हाती असलेल्या किल्लीचे कुलूपच बदलले आहे. पण झाडात जुन्या कुलपाची एक जरी प्रत शिल्लक राहिली, तरी विषाणूला दार उघडे. म्हणून ही प्रतिकारकता अप्रभावी.

आता हे जनुक एखाद्या स्थानिक वाणात आणायचे झाल्यास काय करावे लागते? संकरातून आलेल्या झाडाचा मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. यालाच पश्चसंकरण म्हणतात. प्रत्येक वेळी निम्म्या रोपांत ते जनुक एका प्रतीत उतरते. परंतु एका प्रतीचा परिणाम दिसत नसल्यामुळे सर्व रोपे सारखीच रोगग्रस्त होतात. कोणत्या रोपात जनुक आहे हे पाहण्यासाठी दर पश्चसंकरणानंतर एक स्वपरागित पिढी वाढवून तिला विषाणूची लागण करून पाहावी लागते. कामाचा काळ जवळजवळ दुप्पट होतो. सहप्रभावी चिन्हक असेल तर ही मधली पिढी गळून पडते. रोप बोटभर झाले की निवड करता येते. ५ रोपे तपासली, तरी निदान एकात जनुक असण्याची शक्यता सुमारे ९७ टक्के असते.

प्रभावी जनुकांसाठी चिन्हक अनावश्यक ठरते, असे मात्र नव्हे. 'कॅप्सिकम चाकोएन्स' या रानटी प्रजातीतून आलेले 'बीएस-२' हे जिवाणूजन्य ठिपक्यांविरुद्धचे जनुक प्रभावी असून ते १९९९ मध्ये विलग करण्यात आले. तंबाखू मोझॅक आणि त्याच्या भावंड विषाणूंना रोखणारी अकराव्या गुणसूत्रावरील 'एल' जनुकाची चार रूपेही प्रभावीच आहेत. एकेका रोगासाठी यांना चिन्हकाची गरज फारशी नाही. पण तीन-चार प्रतिकारक जनुके एकाच वाणात एकत्र आणायची असतील, तर एका झाडाला चार रोगांची लागण करून तपासणे व्यवहार्य नसते. तेथे पानाच्या एका तुकड्यावर चारही उत्तरे मिळणे, हीच सोय निर्णायक ठरते. गणित मात्र येथेही सवलत देत नाही. तीन अप्रभावी जनुके दुसऱ्या पिढीत एकाच झाडात दुहेरी प्रतीत येण्याचे प्रमाण ६४ मध्ये १ आहे. असे एक तरी झाड ९५ टक्के खात्रीने हवे असेल, तर सुमारे १९० रोपे तपासावी लागतात.

ब्याडगी ब्याडगीच राहावी यासाठी

चिन्हकांचा दुसरा उपयोग कमी चर्चिला जातो. परंतु स्थानिक वाणांच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा म्हणावा लागेल. पहिल्या पश्चसंकरणानंतर मूळ वाणाचा सरासरी वाटा ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५, तिसऱ्यानंतर ९३.७५ आणि सहाव्यानंतर सुमारे ९९ टक्के होतो. हे आकडे सरासरीचे आहेत. पहिल्या पश्चसंकरणातील काही रोपांत मूळ वाणाचा वाटा ७५ टक्क्यांहून बराच अधिक, तर काहींत बराच कमी असतो. डोळ्यांना ही रोपे वेगळी दिसत नाहीत. बाराही गुणसूत्रांवर विखुरलेली चिन्हके वापरून हा वाटा मोजता येतो आणि दर पिढीत सर्वाधिक वाट्याचे रोप निवडून सहाऐवजी तीन-चार पिढ्यांत काम भागविता येते.

शिवाय प्रतिकारक जनुकाला चिकटून येणारा दात्याचा गुणसूत्र-तुकडा हा स्वतंत्र त्रास आहे. सहा पिढ्या पश्चसंकरण करूनही तो लांबलचक राहू शकतो आणि त्यात फळाचा आकार, रंग किंवा साल बिघडविणारी जनुके असू शकतात. जनुकाच्या अगदी लगत तुकडा तुटलेली झाडे क्वचितच आढळतात आणि ती चिन्हकाविना हुडकणे म्हणजे केवळ दैवाधीन काम होय.

ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खोला मिरचीला २०१९ मध्ये. अशा वाणांत सुधारणा करताना 'सुधारित पण वेगळी' मिरची उपयोगाची नाही. रंग, सुरकुत्या, साल आणि वास यांवरच व्यापारी तिची किंमत ठरवितो. म्हणूनच ९९ टक्के मूळ वाण हा आकडा कागदावर समाधानकारक असला, तरी उरलेल्या एका टक्क्यात काय आहे, हे खळ्यावर वाळत घातलेल्या फळांवरूनच ठरते.

नरवंध्यत्व आणि संकरित बियाणे

मिरचीच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र असतात. संकरित बी तयार करण्यासाठी कळीतील परागकोश हाताने काढावे लागतात, आणि जालना-देऊळगाव राजा पट्ट्यातील शेडनेटमध्ये हे डोळ्यांत तेल घालून करावयाचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. मादी वाणाला परागच येत नसतील, तर हे श्रम वाचतात. पीटरसन यांनी १९५८ मध्ये मिरचीतील पेशीद्रव्यीय नरवंध्यत्वाची नोंद केली. ज्या झाडांत ते आढळले, ती अमेरिकेने भारतातून नेलेल्या आणि १६४८३५ या क्रमांकाने नोंदलेल्या बियांपासून वाढविलेली होती. आज जगभर संकरित मिरचीसाठी प्रामुख्याने वापरले जाणारे हे पेशीद्रव्य असे मूळ भारतीय बियांतले आहे, ही बाब आपल्याकडे फारशी उद्धृत होत नाही.

या पद्धतीत नर वाणात प्रजननक्षमता परत आणणारे जनुक असावे लागते. अन्यथा शेतकऱ्याच्या शेतातील संकरित झाडांना पुरेसे परागच येणार नाहीत. ते जनुक कोणत्या वाणात आहे हे पूर्वी चाचणी-संकर करून, त्याला फुले येईपर्यंत थांबून पाहावे लागे; आता त्यासाठी चिन्हके उपलब्ध आहेत. तिखट मिरच्यांत हे जनुक बऱ्याचदा आढळते, ढोबळी मिरचीत क्वचित. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने १९९२ मध्ये प्रसारित केलेल्या 'सीएच-१' या संकरित वाणात वेगळा मार्ग अवलंबिला गेला. तेथे केंद्रकातील अप्रभावी वंध्यत्व-जनुक वापरले आहे. अशा मादी वाणात निम्मी झाडे प्रजननक्षम निघतात आणि ती फुलोऱ्यात ओळखून उपटावी लागतात. निम्मी रोपे दोन महिने पोसून फेकून देण्याऐवजी ती ट्रेमध्येच ओळखणे, हा चिन्हकाचा सरळ हिशेबातला फायदा आहे.

बियाण्याच्या शुद्धतेची तपासणीही याच तंत्राने होते. संकरित रोपात आई-बाप दोघांचेही चिन्हक दिसले पाहिजे. फक्त आईचे दिसले, तर ते बी स्वपरागणाचे. शेतात झाडे वाढवून हीच खात्री करण्यास एक हंगाम जातो आणि तोवर बियाणे विकले गेलेले असते.

चुरडा-मुरडा : अपुऱ्या यशाचे कारण

एवढे सारे उपलब्ध असताना भारतीय शेतकऱ्याच्या सर्वांत मोठ्या तक्रारीवर, म्हणजे चुरडा-मुरड्यावर, चिन्हकांनी अद्याप हुकमी उत्तर का दिलेले नाही? याचे उत्तर प्रयोगशाळेत नसून शेतात आहे.

पाने आखडणे हे एकच लक्षण. पण त्याची कारणे अनेक. फुलकिड्यांनी रस शोषला की पाने वरच्या बाजूला वळतात. कोळ्यांच्या उपद्रवाने ती खाली वळतात. आणि पांढऱ्या माशीमार्फत येणाऱ्या बेगोमोव्हायरस विषाणूंमुळेही पाने आखडतात, झाड खुजे राहते. हे विषाणूही एकच नाहीत. निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळे आणि कित्येकदा एकाच झाडात दोन-तीन एकत्र आढळतात. त्यांच्यासोबत येणारे उपग्रह-डीएनए रोगाची तीव्रता वाढवितात. त्यात २०२१-२२ च्या हंगामात आंध्र प्रदेश आणि तेलंगणात 'थ्रिप्स पार्व्हिस्पायनस' या नव्या फुलकिड्याने हाहाकार माजविला. अशा शेतात 'हे झाड प्रतिकारक, हे रोगग्रस्त' अशी नोंद करणारा निरीक्षक नेमके काय नोंदवीत असतो? चिन्हक शोधण्याची सारी प्रक्रिया या नोंदवहीवर उभी असते. ती चुकली तर निघणारे चिन्हक चुकीच्या गोष्टीकडे अत्यंत प्रामाणिकपणे बोट दाखविते.

यावर उपाय आहेत. पांढऱ्या माशीच्या बंदिस्त पिंजऱ्यांत रोपांना विषाणूची लागण करणे किंवा विषाणूचा डीएनए जिवाणूमार्फत थेट रोपात सोडणे यांमुळे नोंद विश्वसनीय होते. असा काटेकोरपणा असला म्हणजे काय साधते, हे जपानी संशोधकांनी २०२१ मध्ये दाखविले. इंडोनेशियातील पिवळ्या पर्णगुच्छ विषाणूला रोखणारे मिरचीतील 'पेपी-१' हे अप्रभावी जनुक 'पेलोटा' नावाच्या प्रथिनाचे असल्याचे त्यांना आढळले. टोमॅटोतील 'टीवाय-५' ही प्रतिकारकताही याच प्रथिनाशी निगडित आहे. एका पिकात सापडलेले उत्तर कुळबंधू पिकात उपयोगी पडते, याचे हे बोलके उदाहरण. मात्र हे जनुक भारतातील विषाणू-मिश्रणाला कितपत पुरून उरते, हे येथील विषाणूंवरच तपासावे लागेल.

फळकुज आणि फायटोफ्थोरामुळे होणारी मूळकुज यांत अडचण निराळी आहे. मेक्सिकोतील 'क्रिओयो द मोरेलोस ३३४' हा वाण मूळकुजीस उत्तम प्रतिकारक आहे. पण त्याची प्रतिकारकता एका जनुकाची नाही. पाचव्या गुणसूत्रावरील एक मोठा परिणाम करणारी जागा अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळली, बाकीच्या लहान जागा मात्र प्रयोगागणिक बदलतात. फळकुजीची प्रतिकारकता 'कॅप्सिकम बकाटम' या प्रजातीत चांगली असली, तरी नेहमीच्या मिरचीशी तिचा संकर सहजासहजी जमत नाही. २०१४ मध्ये याच मेक्सिकन वाणाचा आणि चिनी 'झुन्ला-१' वाणाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. सुमारे ३५ हजार जनुके, आणि एकूण डीएनएपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पुनरावृत्त अनुक्रमांचा, असे त्याचे स्वरूप आहे. त्यामुळे चिन्हकांची टंचाई संपली. उणीव उरली ती विश्वसनीय क्षेत्र-नोंदींची.

एका गैरसमजाविषयी

जनुक हा शब्द आला की जनुक-परिवर्तित पिकांचा वाद मनात उभा राहतो. २०१० मध्ये बीटी वांग्यावर आलेली स्थगिती अनेकांच्या स्मरणात आहे. चिन्हकाधारित निवडीत रोपात बाहेरून कोणताही डीएनए घातला जात नाही. परागण नेहमीचेच, बीही नेहमीचेच. केवळ निवड करणाऱ्याची दृष्टी पानाच्या आत पोहोचलेली असते. उपरोक्त 'बीएस-२' जनुकाचा इतिहास हा भेद नेमका दाखवितो. मिरचीत ते रानटी प्रजातीशी संकर करून आणले गेले आणि त्या वाणांवर कोणतेही निर्बंध नाहीत. टोमॅटोत मात्र संकर शक्य नसल्याने तेच जनुक जनुक-अभियांत्रिकीने घालण्यात आले आणि त्यामुळे ती झाडे वेगळ्या नियमावलीखाली येतात.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यात यातील किती काम येते, हाही विचार अप्रस्तुत नव्हे. डीएनए विलग करणे, शृंखला अभिक्रिया आणि अगॅरोज जेल एवढ्या साधनांवर 'पन-१' सारखे चिन्हक तपासता येते, आणि ही साधने आज अनेक वनस्पतिशास्त्र व जैवतंत्रज्ञान विभागांत आहेत. परंतु एका संकरात सिद्ध झालेले चिन्हक दुसऱ्या वाणात चालेलच असे नाही. दोन्ही जनक वाणांत त्या जागी फरकच नसेल, तर जेलवर एकच पट्टा दिसतो आणि निवड होऊ शकत नाही. त्यामुळे भिवापुरी, संकेश्वरी किंवा खोला यांवर काम सुरू करताना पहिला टप्पा परदेशी चिन्हकांची यादी मागविण्याचा नसून, निरनिराळ्या गावांतील शेतकऱ्यांकडून त्या वाणाचे बी गोळा करणे, एकाच शेतात ते शेजारी-शेजारी लावणे आणि किमान दोन-तीन हंगाम झाडागणिक रोगाची, रंगाची व फळांची नोंद ठेवणे हा आहे. मिरचीत परपरागण बरेच होत असल्याने एकाच गावच्या बियांतही भिन्नता असते, आणि दात्याच्या शोधात परदेशी वाणाकडे जाण्याआधी या भिन्नतेतच एखादे सहनशील झाड उभे आहे का, हे पाहणे स्वस्त पडते.